वर्षाला किती रेस? आधी मधले आठवडे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, सोलापुरातच नोकरी, दिवसभर बैठं काम. दोन वर्षांपासून पळताय, आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर. पहिली हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २ तास २० मिनिटांत झाली, दुसरी २:०९ ला. त्यानंतर गेल्या हंगामात ग्रुपबरोबर सप्टेंबर ते फेब्रुवारी सात हाफ पळलात. एकदाही २:०९ च्या खाली आला नाहीत, शेवटची तर २:१६ ला संपली. जानेवारीपासून डावी नडगी दुखतेय. ग्रुपमधले म्हणतात, "रेस पळूनच रेस येते, थांबू नका." घरचे म्हणतात, पुरे आता. तर हौशी माणसाने वर्षात नेमक्या किती रेस पळाव्यात?

आकडा सांगतो, पण त्याआधी नडगी. आज संध्याकाळी खुर्चीत बसा, पाय सैल सोडा आणि नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवून गुडघ्याकडून घोट्याकडे इंच इंच दाबत या. बराच लांब पट्टा सगळीकडे थोडाथोडा दुखत असेल आणि पळायला लागल्यावर दहा मिनिटांत दुखणं कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंच्या ओढीची तक्रार आहे. पळणं कमी केलं, पोटरीचे व्यायाम केले की ती बसते. पण बोटभर जागेतच टोचल्यासारखं दुखलं, त्या पायावर एकदा उडी मारली की कळ आली, किंवा रात्री पडल्यावरही ठणका लागला, तर पळणं आजच बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाडाला बारीक चीर असली तर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसतच नाही. "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून लोक पुन्हा पळायला लागतात आणि चीर वाढवून घेतात. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर टाळू नका.

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही रेसची संख्या विचारताय, पण मला तुमच्या हंगामात दुसरीच गोष्ट खटकली. सहा महिन्यांत सात हाफ म्हणजे दर साडेतीन आठवड्यांनी एक. हाफच्या आधीचा आठवडा पाय ताजे ठेवण्यात जातो. नंतरचा आठवडा, खरं तर दहा दिवस, पाय परत जाग्यावर येण्यात जातात. मग मधे राहिला जेमतेम एक आठवडा. त्यात तुम्ही लाँग रन (निवांत गतीचं लांब पळणं) करणार, इंटरव्हल (मधे दम घेत मारलेल्या वेगाच्या फेऱ्या) मारणार, की राहिलेलं आयुष्य जगणार? म्हणजे सप्टेंबरनंतर तुमचा सराव असा झालेलाच नाही. दुसऱ्या हाफपर्यंत जी तयारी झाली होती तीच तुम्ही फेब्रुवारीपर्यंत पुरवून वापरलीत. बियाण्याला ठेवलेली ज्वारी दळून खाल्ल्यावर पुढच्या पेरणीला जे होतं तेच झालं.

तुम्ही शेवटच्या रेसचे जे आकडे पाठवलेत ते हेच सांगतात. पहिले १० किलोमीटर ६० मिनिटांत, पुढचे सहा ३९ मिनिटांत आणि शेवटचे पाच ३७ मिनिटांत. सुरुवातीला किलोमीटरला सहा मिनिटं, शेवटी सव्वासात. सुरुवात २:०७ ची होती, शेवट अडीच तासांत संपवणाऱ्यांच्या गटातला. ज्याला वेग नाही त्याचे आकडे असे पडत नाहीत, तो पहिल्यापासूनच संथ असतो. दम कमी पडला म्हणूनही असं होत नाही. पाय संपले म्हणून होतं. आणि पायांना शेवटच्या पाच किलोमीटरची ताकद येते ती निवांत गतीच्या लांब पळण्यातून, महिनोन्महिने. रेसमधून ती येत नाही, रेसमध्ये ती खर्च होते.

शरीरात काय चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे आठवडे मोजायला सोपं जाईल. रेसनंतर श्वास, नाडी दोन दिवसांत पूर्ववत होते. मांड्यांचं आखडणं तीन-चार दिवसांत जातं. स्नायूंमधली साखर नीट जेवलं तर दोन-तीन दिवसांत भरते, स्नायू जास्तच फाटले असतील तर त्याहून उशिरा. इथपर्यंतचं आपल्याला जाणवतं, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस म्हणतो, मी एकदम फ्रेश आहे. हाडाचं काम मात्र त्यानंतरही चालू असतं. आघात सोसलेल्या जागेचं जुनं हाड शरीर आधी पोखरून काढतं, त्यात काही आठवडे जातात, आणि मग तिथे नवं भरतं, त्याला महिने लागतात. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरा आणि हाडं दमापेक्षा सावकाश तयार होतात. दोन वर्षांत तुमचा दम तयार झालाय, नडगी अजून वाटेत आहे. म्हणूनच पळायला लागून दोन-तीन वर्षं झालेल्या उत्साही माणसांच्या नडग्या आणि टाचा बोलायला लागतात. नवख्यांनाही हा त्रास होतोच.

न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर तुमच्याच वयाचा, ४१ वर्षांचा असताना १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत २:११:१९ मध्ये मॅरेथॉन पळून रौप्यपदक घेऊन गेला. त्याचा एक ठोकताळा पळणाऱ्यांमध्ये अजून चालतो: जितके मैल रेस, तितके दिवस पुढची रेस नाही. दहा किलोमीटरला सहा दिवस, हाफला तेरा, फुल मॅरेथॉनला (४२ किलोमीटर) सव्वीस. लक्षात घ्या, हे रेस न पळण्याचे दिवस आहेत, अंथरुणावर पडून राहण्याचे नाहीत; हलकं पळणं चालू असतंच. आणि हा कमीत कमी हिशेब आहे. फॉस्टर आठवड्याला जितकं पळत असेल त्याच्या पासंगालाही आपण पुरत नाही. तो आकडा हौशी माणसाने निदान दुप्पट धरावा असं मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो. हाफनंतर चार आठवडे, फुलनंतर दोन महिने. बरं, हे झालं फक्त भरून येण्यापुरतं. टायमिंग खाली आणायचं असेल तर दोन जोर लावून पळलेल्या हाफमध्ये आठ ते दहा आठवडे पाहिजेत, म्हणजे मधे पाच-सहा आठवड्यांचा खरा सराव बसतो.

यात परिस्थितीप्रमाणे फरक पडतो आणि तो मोठा असतो. पहिली गोष्ट, आठवड्याचं एकूण अंतर. तुमच्या ३५ किलोमीटरमध्ये हाफचे २१ म्हणजे आठवड्याचं साठ टक्के पळणं एका सकाळी, तेही जोर लावून. आठवड्याला ८० पळणाऱ्याला तेच २१ म्हणजे पाव आठवडा. त्याने महिन्याला एक हाफ पळली म्हणून तुम्हीही पळू शकता असं होत नाही, एकाच ग्रुपमध्ये, एकाच टी-शर्टात असलात तरी. दुसरी गोष्ट, दिवसभराचं काम. लूमवर उभ्याने पाळी करणाऱ्या माणसाचे पाय रेसनंतर विश्रांती घेतच नाहीत. तुमचं बैठं काम त्या मानाने बरं, पण ते कंबर आणि मांडीच्या मागच्या शिरा आखडवतं. तिसरी झोप, चौथं वय. पन्नाशीच्या पुढच्यांना मी सरळ दीडपट अवधी सांगतो. ज्यांना बीपी, शुगर आहे किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालाय, त्यांनी संख्येची चर्चा करण्याआधी तपासणी करून घ्यावी.

आणि सोलापूरकरांच्या हिशेबात दोन गोष्टी कुणी धरत नाही. एक म्हणजे कोजागिरी. आपल्याकडून तुळजापूरला चालत जाणं म्हणजे ४५ किलोमीटर डांबर, रात्रभर जागरण, बरेच जण अनवाणी. ती श्रद्धा आहे, जरूर जा, मीही कुणाला अडवत नाही. पण परतल्यावर तळपायाला फोड, घोटे सुजलेले आणि पुढच्याच रविवारी हाफ, हे नको. पायांच्या वहीत ती फुल मॅरेथॉनच लिहिली जाते. दुसरी गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि पुढचे दिवस मिरवणुकीत जे चालतात, आणि त्याहून जास्त जे नंदीध्वजाच्या उंच, जड काठ्या पेलतात, त्यांची मान, कंबर, पोटऱ्या त्या आठवड्यात पुरत्या कामाला लागलेल्या असतात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीच्या लगेच मागोमाग. दोन्ही एकाच आठवड्यात जोरात करायचं असेल तर मुंबई निवांत पळा.

मुंबईचं निघालंच आहे तर प्रवासही मोजा. तिथे रेसच्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळत नाही, आधी जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्र, नवी मुंबई किंवा डोंबिवलीच्या पाहुण्यांकडे मुक्काम, रेसच्या दिवशी पहाटे दोन-तीनला उठणं, पुन्हा रात्रीची गाडी आणि सोमवारी कामावर. पळून जेवढं दमत नाही तेवढा माणूस यात दमतो. शिवाय आपली हवा कोरडी, थंडीत पहाटे पळायला छान. मुंबईत जानेवारीतही घाम वाळत नाही, तोच वेग जड जातो. होटगी रोडवर डिसेंबरात जमलेला वेग तिथे जमला नाही म्हणून खचून जाणारे दरवर्षी भेटतात. तयारी तीच असते, हवा वेगळी असते.

आता तुमच्या ग्रुपचं म्हणणं. "रेस पळूनच रेस येते" हे अर्धं खरं आहे. पहाटे काय खायचं, शौचाला किती वाजता जायचं, पाण्याच्या टेबलाशी गर्दीत ग्लास कसा घ्यायचा, पहिल्या दोन किलोमीटरला सगळे सुसाट सुटतात तेव्हा स्वतःला कसं आवरायचं, हे घरी बसून शिकता येत नाही. त्यासाठी नवख्या माणसाने पहिल्या वर्षी दोन-तीन छोट्या रेस जरूर कराव्यात. पण हे शिकायला पाच-दहा किलोमीटर पुरतात. तुमचं ते शिकून झालंय. दहाव्या हाफमध्ये ग्लास घ्यायला आणखी काय नवीन शिकणार?

असा वाद झाला की कुणीतरी जपानच्या युकी कावाउचीचं नाव काढतं. सरकारी नोकरी सांभाळून वर्षाला दहा-बारा फुल मॅरेथॉन पळायचा आणि २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन थंडी-पावसात जिंकला. उदाहरण खरं आहे. पण तो मुळात अव्वल दर्जाचा धावपटू. नोकरीमुळे इतर व्यावसायिक धावपटूंइतका सराव त्याला करता येत नसे, म्हणून रेसलाच तो सराव म्हणून वापरायचा. दोन तास वीस मिनिटांत मॅरेथॉन पळणं हा त्याच्यासाठी कठीण सराव होता, जीव काढणारी रेस नव्हती. आपल्याला तेवढंच अंतर पार करायला साडेचार-पाच तास लागतात, म्हणजे जमिनीवर साधारण दुप्पट वेळ पाय आपटत राहतो. त्याची नक्कल करायची तर रेस सरावासारखी पळायची, एवढीच करता येईल.

आणि खरी मेख तिथेच आहे. बिब लावला म्हणजे रेस झाली असं नाही. ग्रुपबरोबर जायचं, मेडल घ्यायचं, फोटो काढायचे, नंतर रस्त्यावरच्या टपरीवर भजी खायची, यात मला काही वावगं वाटत नाही. पळण्याची गोडी निम्मी त्यातच आहे आणि ती काढून घेतली तर बरेच जण वर्षभरात पळणं सोडतील. असे इव्हेंट लाँग रन म्हणून महिन्याला एक केलात तरी चालेल. अट एकच, ते खरोखर लाँग रनच्या गतीने झाले पाहिजेत. प्रत्येक जण आदल्या रात्री म्हणतो, "मी उद्या आरामात." ढोल वाजायला लागले, झेंडा पडला की आरामात कुठल्या कुठे जातं. म्हणून शब्दावर विश्वास ठेवू नका, आकडा ठरवा. तुमची २:०९ म्हणजे किलोमीटरला ६:०७. तुमचं आरामात म्हणजे ७:०० ते ७:१०, म्हणजेच हाफ अडीच तासांत. घड्याळ २:३० दाखवत असताना, ओळखीचे दहा जण पुढे निघून गेलेले असताना, हसत फिनिश लाइन ओलांडायची तयारी आहे का? असेल तर खुशाल जा. नसेल तर त्या रविवारी विजापूर रोडला एकट्याने १८ किलोमीटर पळा, ते जास्त उपयोगी पडेल. ज्यांना स्वतःला आवरता येत नाही त्यांना मी अडीच तासांच्या गटाचे पेसर (ठरलेल्या गतीने पळून गटाला वेळेत पोचवणारे) व्हायला सांगतो. मागे वीस माणसं तुमच्या भरवशावर पळत असली की आपोआप लगाम बसतो.

तर तुमचा पुढचा हंगाम मी असा लावेन. नडगी साधी निघाली असं धरून. मार्च ते मे रेस नाही. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पहाटे पाचलाही हवा गरम असते. या महिन्यांत आठवड्याला तीन-चार दिवस थोडं पळणं, दोन दिवस पायांचे ताकदीचे व्यायाम आणि जमलं तर पोहणं. जून ते सप्टेंबर अंतर वाढवायचे महिने. आपण पर्जन्यछायेत असल्याने पावसाने पळणं बुडतं असं फारसं होत नाही, आभाळ येतं आणि हवा गार होते. कोकणातल्या पळणाऱ्यांना हे सुख नाही. ३५ वरून हळूहळू ४५-५० वर या, तीन आठवडे वाढवून चौथ्यात थोडं कमी करत.

सप्टेंबरमधली सातारा हिल हाफ या वर्षी सोडा. तुमच्या ग्रुपला हे आवडणार नाही याची कल्पना आहे. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, त्याचं काही नाही. त्रास उतारावर होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, फाटतात ते तिथे, आणि नडगीवर प्रत्येक पावलाला जास्त आदळतं. साध्या हाफला चार आठवडे धरले तर साताऱ्याला पाच धरा. पुढच्या वर्षी तीच एक मुख्य रेस म्हणून करा, घाटाचा सराव करून.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात एकेक दहा किलोमीटरची रेस, पूर्ण जोर लावून. दहाला तीन-चार दिवसांची उतरण (रेसआधी पळणं कमी करणं) आणि नंतरचा एक हलका आठवडा पुरतो, सराव मोडत नाही, आणि हाफची तयारी कुठवर आलीय ते खरं कळतं. नोव्हेंबरात दहा किलोमीटर ५७ मिनिटांच्या आत आलं तर हाफ २:०६-२:०७ ला यायला हरकत नाही. मग मुख्य रेस. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, हवा चांगली, प्रवास एका दिवसाचा. तिथली हाफ हे तुमचं लक्ष्य. तिथून मुंबईपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. दोन आठवडे भरून यायला, तीन-चार सरावाला, एक उतरणीला. टायमिंग आणखी कमी करायला ते थोडे अपुरेच आहेत, पण पुण्याला काही बिनसलं, पोट बिघडलं, ताप आला, तर दुसरी संधी म्हणून मुंबई ठेवा. पुणं मनासारखं झालं असेल तर मुंबई निवांत, समुद्र बघत. फेब्रुवारीत गावातली एखादी, ग्रुपबरोबर, अडीच तासांत.

म्हणजे जोर लावून एक हाफ, फार तर दोन. दोन दहा किलोमीटर. आणि मेडलसाठी दोन-तीन निवांत. संख्या पाच-सहाच्या आसपास जाते, गेल्या वर्षीपेक्षा फार कमी नाही. फरक आहे तो कुठली कशी पळायची हे आधीच ठरवण्यात. फुल मॅरेथॉनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ग्रुपमध्ये कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो: वर्षाला एक, आणि आठवड्याला ५० किलोमीटर बिनदुखण्याचं सहा महिने झाल्याशिवाय तीही नाही.

रेस झाल्यावर पुन्हा सराव कधी सुरू करायचा हे तारखेपेक्षा शरीराला विचारा. जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा पाच-सात ठोक्यांनी जास्त आहे का? झोप तुटते का, बारीकसारीक गोष्टींवर घरात चिडचिड होते का? यातलं एकही असलं तर फक्त हलकं पळा. आणि ऑक्टोबरच्या आसपास गावात डेंग्यू, चिकुनगुनिया फिरतोच. तसा ताप येऊन गेला तर पैसे भरलेली रेस सरळ सोडून द्यायची. हजार-दीड हजार रुपये गेले तर गेले. तापानंतर दमून पळालेली हाफ पुढचे दोन महिने वसूल करते.

घरच्यांचं म्हणाल, तर सहा महिन्यांतले सात रविवार, त्यातले निम्मे गावाबाहेर, ही तक्रार मला रास्त वाटते. हंगामाच्या आधीच कॅलेंडरवर दोन तारखांना लाल खूण करून भिंतीला लावा, बाकीचे रविवार साडेआठपर्यंत घरी. एवढं ठरलं की विरोध बराच मावळतो असा माझ्याकडच्या लोकांचा अनुभव आहे.

नडगीचा निकाल काय लागला ते मात्र कळवा. चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे पळणं पूर्ण बंद, मग चालणं आणि पळणं आलटून पालटून सुरुवात. तसं झालं तर ऑक्टोबरची दहा किलोमीटर रद्द, डिसेंबरची पुण्याची हाफ निवांत गटात आणि मुख्य रेस जानेवारीवर ढकलावी लागेल.